जखम धुताना

मोडलेला पाय जोडला की कौतुक होतं ते एक्स-रेच्या फिल्मचं. काळ्या फिल्मवर पांढरं हाड सरळ रेषेत आलेलं, त्यावर प्लेट, प्लेटमधून आरपार गेलेले स्क्रू. मालक मोबाइलवर फोटो काढून घेतो आणि नातेवाइकांना पाठवतो. त्या फिल्मकडे पाहून मलाही समाधान वाटतं, पण मी निश्चिंत होत नाही. काळजी असते ती फिल्मवर न दिसणाऱ्या गोष्टीची. जंतुसंसर्ग पहिल्या दिवशी एक्स-रेत उमटत नाही. हाडातला बदल दिसायला दीड-दोन आठवडे जावे लागतात, आणि प्लेटखाली मुरलेला पू कधीकधी वर्ष उलटत आल्यावर कातडीतून वाट काढतो. वर्ध्यात कुत्र्या-मांजरांच्या हाडांची शस्त्रक्रिया करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. शस्त्रक्रियेनंतर दिसणाऱ्या पुवाचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच लागलेला असतो. आपल्याला तो उशिरा कळतो, एवढंच.

आमच्याकडे येणारे बरेचसे पाय रस्त्यावर मोडलेले असतात. नागपूर-तुळजापूर महामार्ग रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, आणि सेलूपासून देवळीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असलेली शेतं, धाबे आणि वस्त्यांमधली कुत्री मात्र पूर्वीसारखीच रस्ता ओलांडत राहिली. उन्हाळ्यात जखम धुळीने भरलेली असते. पावसाळ्यात ती काळ्या मातीने लिंपलेली असते, आणि ही आमची कापसाची काळी माती साधी नाही. ती चिकण आहे, ओली झाली की फुगते, वाळली की ऊतींना धरून बसते. मातीतले सगळे कण जखमेला सारखेच घातक नसतात. रेती त्या मानाने निरुपद्रवी असते. चिकणमातीचे बारीक कण मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे एरवी शरीराने सहज परतवले असते तेवढेच जंतू पू करायला पुरतात. म्हणून पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांशी बोलताना मी माझ्या जखमा आणि त्यांच्या जखमा एका मापाने मोजत नाही. आमच्या जिल्ह्याची जमीन जखमेत शिरलेली असते.

उघड्या मोडीचं हे दुखणं जुनं आहे. १८६५च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोत जेम्स ग्रीनलीज नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. नडगी मोडली आणि वरची कातडी फाटली. त्या काळात अशा पायाला बहुधा दोनच वाटा होत्या, पाय कापणं किंवा पू होऊन मरणं. जोसेफ लिस्टरने त्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं कापड बांधलं. चार दिवसांनी उघडून पाहिलं तर पू नव्हता. सहा आठवड्यांत हाड जुळलं. जंतूंना जखमेबाहेर ठेवण्याच्या शास्त्राचा पाया गाडीच्या चाकाखाली फुटलेल्या एका नडगीवर घातला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण माझ्या टेबलावरही सगळ्यात जास्त छळते ती नडगीच. मांडीच्या हाडाभोवती जाड स्नायू असतात, ते रक्त पुरवतात, झाकतात, सांभाळून घेतात. नडगीच्या पुढच्या आणि आतल्या बाजूला कातडी आणि तिच्या खाली थेट हाड. तिथली कातडी फाटली की हाड उघड्यावर आलंच.

असा पाय आला की आधी तो धुण्याचं काम. ते कसं होतं ते सविस्तर सांगते, कारण त्याचं वर्णन कुणी करत नाही आणि माझ्या मते अर्धी शस्त्रक्रिया तीच आहे. जनावर स्थिरावल्यावर, वेदना थांबवल्यावर, भूल देऊन आधी जखमेत निर्जंतुक जेली भरायची. मग भोवतालचे केस मशीनने काढायचे. कापलेले केस जेलीत चिकटतात आणि जेलीबरोबर वाहून जातात. जेली न भरता केस काढले तर तेच केस हाडाच्या टोकांत जाऊन बसतात, आणि एकेक केस म्हणजे जंतूंना बसायला एकेक जागा. नंतर पाणी. सुरुवातीला चिखल काढायला नळाचं स्वच्छ पाणीही चालतं, पुढे सलाइन. बाटलीमागून बाटली. मोठ्या सिरिंजला अठरा नंबरची सुई लावून मध्यम दाबाने धार मारत राहायचं. दाब फार कमी असेल तर माती निघत नाही, फार जास्त असेल तर तीच माती स्नायूंच्या आत ढकलली जाते. पहिलं पाणी काळं येतं, मग गढूळ, मग लालसर. पाणी स्वच्छ यायला लागलं की हात थांबवावासा वाटतो, आणि नेमक्या त्याच वेळी चिमट्याने हाडाच्या टोकावरचं आवरण उचलून पाहावं लागतं. तिथे दुमडीत अजून एक काळी रेघ असते, बाभळीच्या पानाचा तुकडा असतो, गिट्टीचा कण असतो. ते काढायचं आणि पुन्हा धार धरायची.

मग मेलेली ऊती कापायची. स्नायू जिवंत आहे की नाही हे चार खुणांवरून कळतं: रंग, घट्टपणा, चिमटा घेतल्यावर आकसणं आणि कापल्यावर रक्त येणं. आकसत नाही, रक्त येत नाही, तो भाग ठेवून उपयोग नाही. जंतूंना तो आयता खाऊ असतो आणि रक्तपुरवठाच नसल्यामुळे औषध तिथवर पोचत नाही. जखमेत स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये, हेही इथेच सांगते. फेस आला म्हणजे साफ झालं असं लोकांना वाटतं. त्या फेसाबरोबर जखम भरून काढणाऱ्या पेशीही मरतात.

धुण्यावर एवढा जोर का, याचं उत्तर १९५७ सालच्या एका प्रयोगात आहे. एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या कातडीत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून पाहिले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागत होते. तिथेच रेशमी टाक्याचा धागा असला की काहीशे जंतू पुरत होते. म्हणजे शरीराला परकी वस्तू नुसती असणं हेच जंतूंच्या बाजूचं असतं, आणि आम्ही तर स्टीलची अख्खी प्लेट आणि स्क्रू आत ठेवून येतो. जंतू धातूवर एकदा टेकले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ जसं नुसतं पाणी ओतून निघत नाही, तसा तो थर नुसत्या औषधाने निघत नाही. त्याच्या आतले जंतू सुस्त असतात, हळू वाढतात, आणि वाढत्या जंतूवर घाव घालणारी औषधं त्यांच्यावर बोथट होतात. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली मांडलं की धातूच्या पृष्ठभागावर आधी कोण पोचतं, शरीराच्या पेशी की जंतू, याची शर्यत असते. ती शर्यत टाके घालण्याच्या आधीच सुरू होते. निर्मळ हात आणि धुतलेली जखम शरीराला त्या शर्यतीत पुढे ठेवतात.

शस्त्रक्रियेच्या खोलीतली शिस्त याच हिशोबाने येते. केस आदल्या रात्री काढून ठेवायचे नाहीत. मशीनने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यात जंतू वाढतात. ते शस्त्रक्रियेच्या तोंडावर काढायचे, तेही थिएटरबाहेर. क्लोरहेक्सिडीन लावलं की त्याला कातडीवर काही मिनिटं टिकू द्यायचं. घाईने पुसून टाकलं तर ते लावण्याला अर्थ नाही. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर देण्याच्या अर्धा ते एक तास आधी शिरेतून. १९६१ साली जॉन बर्क यांनी गिनिपिगवर दाखवून दिलं होतं की औषध जंतूंच्या आधी ऊतींत पोचलं तर संसर्ग रोखतं आणि तीन तासांनंतर दिलं तर जवळपास निरुपयोगी ठरतं. शस्त्रक्रिया लांबली तर दीड-दोन तासांनी पुन्हा एक डोस. आणि शक्यतो लांबवायचीच नाही, कारण भूल आणि चीर यांचा वेळ वाढतो तसा धोका वाढत जातो. म्हणून मी मोड कशी बसवायची ते कागदावर आखूनच आत जाते. प्लेट कुठली, स्क्रू किती लांबीचे, हे जखम उघडी ठेवून ठरवणं मला पटत नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी एक मोह असतो, कूलरचा. पारा पंचेचाळीसच्या पुढे, वीज जाते-येते, गाऊनच्या आत घाम, आणि दाराशी कूलर असतो. कूलरचा ओला वारा म्हणजे धूळ आणि टाकीतल्या पाण्यातले जंतू थेट टेबलावर. पाण्यात राहणारा स्यूडोमोनास एकदा हाडात बसला की त्याला हुसकणं फार कठीण जातं. मे महिन्यात आमच्या ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पहाटे सुरू होतात त्या याच कारणाने.

एवढं सांभाळलं तरी एक शत्रू आत असतोच, आणि तो कुत्र्याच्याच अंगावर राहतो. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जंतू निरोगी कुत्र्यांच्या नाकात, तोंडात, गुदद्वाराभोवती आणि कातडीवर सुखाने नांदतो. २००५ साली त्याची वेगळी ओळख पटली. त्याआधी तो त्याच्या भाऊबंदांत गणला जात होता. शस्त्रक्रियेनंतरच्या कुत्र्यांच्या संसर्गात सर्वांत जास्त वेळा तोच सापडतो, आणि जगभर त्याच्या काही जाती आता पेनिसिलीन-सेफॅलोस्पोरिनच्या सगळ्या कुटुंबाला दाद देत नाहीत. हा जंतू कुत्र्याच्या जिभेवरून थेट टाक्यांवर येऊ शकतो. आणि आमच्याकडे अजून घरोघरी समज आहे की कुत्र्याची लाळ औषधी असते, चाटू द्यावं, जखम लवकर भरते. हा समज मी प्रत्येक मालकाशी बसून, न चिडता, खोडून काढते. गळ्यात कॉलर हवी म्हणजे हवी. विकतची परवडत नसेल तर प्लॅस्टिकच्या बादलीचं बूड कापून, कडेला जुनी सायकल-ट्यूब चढवून उत्तम कॉलर होते. खेड्यातल्या माणसांनी बनवलेल्या अशा कॉलरी मी पाहिल्या आहेत, आणि त्या दुकानातल्यांपेक्षा जास्त टिकतात.

धातूवर टेकलेला जंतू पुढे काय करतो, ते शेरूच्या गोष्टीत दिसतं. हिंगणघाटकडच्या एका गावातला हा घरचा कुत्रा, नडगीवर प्लेट बसवलेली. शस्त्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी झाली होती. पाय जुळला होता, तो धावत होता. काही महिन्यांनी नडगीच्या आतल्या बाजूला एक छोटं छिद्र पडलं, त्यातून पाण्यासारखं येत राहिलं. गोळ्या दिल्या की बंद व्हायचं, गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू. घरच्या बाई त्याला घेऊन आल्या त्या थोड्या रागातच होत्या. "मॅडम, पाय तं जुळला नं, मंग हे पानी काहून येऊन राह्यलं?" मी त्यांना एक्स-रे समोर धरून दाखवला. हाड जुळलेलं होतं, पण खालच्या दोन स्क्रूंभोवती काळसर कडं होतं. तिथे हाड विरघळत होतं. "म्हंजे हे लोखंडच खराबी करून राह्यलं?" त्यांनी विचारलं. त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. हाड जुळेपर्यंत त्या लोखंडाचा आधार लागतो, पू असला तरी लागतो. संसर्ग झालेलं हाडसुद्धा घट्ट धरून ठेवलं तर जुळतं, सैल राहिलं तर जुळत नाही. त्यामुळे पू दिसला म्हणून घाईने प्लेट काढायची नसते. पण हाड जुळल्यावर तीच प्लेट जंतूंचं घर होऊन राहते, आणि मग ती काढल्याशिवाय पाणी थांबत नाही.

शेरूची प्लेट काढायला घेतली तेव्हा वरच्या टोकाला हाडाने तिच्यावर पातळ पापुद्रा धरला होता, तो छिन्नीने हलकेच उचलावा लागला. वरचे स्क्रू करकर आवाज करत फिरले. घट्ट होते, निरोगी हाडात होते. खालच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो काहीच जोर न लावता फिरायला लागला. पुढे मी तो चिमट्यानेच बाहेर काढला. त्याच्या आट्यांमध्ये करडी, बुळबुळीत साय होती. तो स्क्रू आणि खालच्या भोकातली खरवडलेली ऊती निर्जंतुक बाटल्यांत घालून कल्चरला पाठवली. छिद्रातून वर आलेलं पाणी कापसाच्या बोळ्यावर घेऊन पाठवलं तर बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू उगवतात आणि औषध चुकीच्या शत्रूवर चालतं. नमुना खोलातलाच हवा, आणि जमलं तर आधीची औषधं काही दिवस थांबवून घेतलेला. अहवाल आला, त्यात जे औषध चालणार होतं ते पुरेसे आठवडे दिलं. बाई आठवड्याच्या आठवड्याला एसटीने यायच्या. एकही खेप चुकली नाही. छिद्र बुजलं आणि पुन्हा उघडलं नाही.

मांजराचं सगळंच वेगळं. मांजरात असा संसर्ग कुत्र्याच्या मानाने कमी होतो, असा माझाही अनुभव आहे, पण झाला तर ते दाखवत नाही. कुत्रा लंगडतो, चाटतो, कुं कुं करतो. मांजर कोठीतल्या पोत्यांमागे जाऊन बसतं आणि खाणं सोडतं. म्हणून मांजराच्या मालकांना मी टाक्यांपेक्षा ताटलीकडे लक्ष ठेवायला सांगते. एक दिवस खाल्लं नाही तर फोन करा. शिवाय घरात तापाची गोळी सापडते आणि माया उफाळून येते. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं. त्याच्या यकृतात त्या औषधाचा निचरा करण्याची सोय फार तोकडी असते. मांजराला हलू न देणं ही दुसरी अडचण. त्यावर आमच्या भागात कोंबड्यांचं डालं फार कामी येतं. वरून दगड ठेवला, आत जुनी धुतलेली साडी अंथरली, की आठवड्या-दोन आठवड्यांचा मुक्काम होतो.

ज्यांना घरच नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. रस्त्यावरच्या कुत्र्याची नडगी जोडून त्याला संध्याकाळी त्याच नालीच्या कडेला सोडता येत नाही. त्याला टाके निघेपर्यंत कोरडी जागा, माश्यांपासून बचाव आणि रोज पट्टी पाहणारा माणूस लागतो. पिपरी मेघेत पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे, तिथे जखमी जनावरांना आसरा मिळतो. अशा जागा जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला हव्यात. ज्याच्या मागे शुश्रूषा करणारं कुणी नाही त्याच्या पायात धातू ठेवताना माझा हात अडखळतो. कधीकधी पाय काढून टाकणंच त्याच्यासाठी जास्त दयेचं ठरतं, आणि तीन पायांवर कुत्रं चांगलं जगतं.

शुश्रूषेची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठ झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करत. कुष्ठावर परिणामकारक गोळी त्या वेळी कुणाच्या हातात नव्हती. होतं ते पाणी, स्वच्छ कापड आणि रोज त्याच जखमेकडे परत येणारा माणूस. आज आमच्या कपाटात अँटिबायोटिकच्या रांगा आहेत आणि आम्ही त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला आहे. स्वच्छ, आटोपशीर शस्त्रक्रियेनंतर सवयीने लिहून दिलेल्या दहा दिवसांच्या गोळ्यांची बहुतेक वेळा गरज नसते. दोन दिवस गोळ्या देऊन बंद करणं, मग शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या घालणं, हे तर त्याहून वाईट. त्यातून पोसला जातो तो न दबणारा जंतू, आणि कुत्र्याच्या अंगावरचा जंतू त्याच्याशी खेळणाऱ्या लेकराच्या हातावरही येऊ शकतो.

माझ्या टेबलाच्या खणात एक लांब रजिस्टर असतं. ज्या जनावराच्या अंगात धातू आहे त्याची नोंद त्यात वर्षभर चालू राहते, कारण प्लेट-रॉडच्या संसर्गावर नजर तितकी लांब ठेवायला हवी. मोड उघडी होती की बंद, अपघातापासून किती तासांनी आली, माती होती की नाही, शस्त्रक्रिया किती वेळ चालली, इंजेक्शन चीर देण्याच्या किती मिनिटं आधी गेलं, कॉलर किती दिवस राहिली. मग फोन. पाय टेकवतो का, रात्री चाटतो का, टाक्यांच्या जागी हात लावला तर गरम लागतं का. पलीकडून उत्तर येतं, "चांगला हाय जी, पऱ्हाटीत पळून राह्यला." ते मी त्या ओळीपुढे त्याच शब्दांत लिहून ठेवते. माझ्या आसपासच्या तरुण डॉक्टरांना, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना, मी हेच रजिस्टर दाखवते आणि म्हणते की नवं ड्रिल घेण्याआधी एक असं घ्या. किती पाय जोडले ते सगळेच सांगतात. किती पायांना नंतर पू झाला आणि त्यातल्या किती जखमा उशिरा धुतल्या गेल्या, हा आकडा आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या हाताशी असला पाहिजे. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात सेलूहून फोन आला, की "पट्टी करून सकाळी आणा" असं न म्हणता आपण म्हणू, "आत्ता निघा, आणि येताना जखमेवर हळद लावू नका, नुसतं स्वच्छ ओलं कापड बांधा."